पंप उतरवण्याआधी टाकीकडे बघा
(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



कापूस दाबून भरलेला, गाडी हिंगणघाटच्या बाजाराला निघालेली, आणि मधल्या चढावर जुनी पिकअप झटके देऊन बंद. हे किती जणांनी भोगलं, ते हात वर करून सांगायची गरज नाही. भाव त्या दिवशीचा असतो आणि गाडी दुसऱ्या दिवशी पोचते. त्यात गॅरेजवाला बॉनेट उघडून पहिल्याच वाक्यात म्हणतो, "पंप गेला." पंप उतरवून कॅलिब्रेशनला पाठवला की कापसाचे काही क्विंटल त्यातच गेले समजा.

पंप कधीच जात नाही असं आम्ही म्हणत नाही. पण आमच्या गावातल्या जुन्या डिझेल गाड्यांचा हिशेब मांडला, तर बहुतेक वेळा दोष टाकी ते पंप या वाटेवरच निघाला. ती वाट तपासायला दोन पाने, एक फडकं आणि तासभर वेळ लागतो. हे सगळं जुन्या, साध्या पंपाच्या गाडीचं सांगतोय. कॉमन रेल इंजिन असेल तर त्याच्या पाइपांना पाना लावू नका. तिथला दाब हजार बारच्या वर असतो, डिझेलची धार कातडीत शिरते.

आधी धूर बघा. स्टार्टर मारताना सायलेन्सरमधून धूरच नाही, तर डिझेल इंजिनात पोचत नाही. पांढरा धूर येतो पण गाडी चालू होत नाही, तर डिझेल पोचतंय, पेटत नाही. मग हीटर प्लग आणि कॉम्प्रेशन बघायचं. काळा धूर ओकते आणि ओढत नाही, तर डिझेल कमी नाही, हवा कमी आहे किंवा नोझल खराब आहे. एअर फिल्टरमध्ये आपल्या काळ्या मातीची धूळ किती बसते ते एकदा झटकून पाहाच.

आता टाकीचं झाकण. डिझेल जितकं खाली जातं तितकी हवा आत यावी लागते. झाकणाचं बारीक छिद्र चिखलानं बुजलं की टाकीत ओढ तयार होते, गाडी पाच-दहा किलोमीटर चालून मरते आणि थोडी थांबली की पुन्हा चालू होते. झाकण सोडताना 'फुस्स' आवाज आला तर रोग सापडला.

खरी गोम मात्र 'एअर घेण्या'त आहे, आणि तिथंच माणूस फसतो. टाकी ते फीड पंप या पाइपात डिझेल ओढलं जातं, ढकललं जात नाही. म्हणून तिथं चीर पडली तरी थेंब गळेलच असं नाही. उलट बाहेरची हवा आत जाते. पाइप कोरडा दिसतो आणि आपण म्हणतो, पाइप ठीक आहे. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी खूप स्टार्टर मागते, हे त्याचंच लक्षण. डिझेल मागं टाकीत उतरलेलं असतं. टाकी भरलेली असताना गाडी चांगली आणि अर्धी झाली की त्रास, असं असेल तर टाकीच्या आतल्या ओढनळीलाच वर कुठं चीर असू शकते. फिल्टरच्या अलीकडे वीतभर पारदर्शक पाइप जोडा. बुडबुडे डोळ्यांनी दिसतात, मग वाद उरत नाही.

त्याहून पक्की परीक्षा कॅनची. स्वच्छ डिझेलचा कॅन पंपापेक्षा उंच, गरम भागापासून दूर, घट्ट बांधा आणि त्यातून नवा पाइप थेट फीड पंपाला द्या. गाडी जागेवरच रेस करून बघा. आता सुरळीत चालली तर दोष मागं, टाकीत, जाळीत किंवा पाइपात. तरीही मरते, तर पुढं फीड पंप, फिल्टर आणि मग मोठा पंप. गॅरेजवाल्याला ही परीक्षा आपल्या डोळ्यांसमोर करायला लावा.

फीड पंप पडद्याचा असेल तर डिपस्टिक काढून वास घ्या. ऑइल वाढलेलं आणि डिझेलचा वास, म्हणजे पडदा फाटून डिझेल खाली उतरतंय. तशी गाडी चालवू नका, बेअरिंग जातील. काही पंपांवर विजेचा स्टॉप सोलेनॉइड असतो. चावी फिरवल्यावर तो 'टक्' वाजला पाहिजे. निसटलेल्या एका वायरपायी अख्खा पंप उतरवलेला आम्ही पाहिला आहे.

फिल्टरचं पाणी खालच्या स्क्रूतून काढत चला. अर्धी टाकी रात्री गार होते, आत दव धरतं, पाणी तळाशी बसून गंज खातं. फवारणीच्या किंवा मोटरच्या जुन्या कॅनमधून डिझेल ओतणार असाल तर कापडातून गाळून ओता. आणि स्वस्तात रॉकेल मिसळायचा मोह नको. पंपाच्या आतल्या भागांना वंगण डिझेलचंच असतं.

फिल्टर बदलला की एअर काढावीच लागते. फिल्टरवरचा स्क्रू थोडा सैल करा, हातपंप दाबत राहा, फेस थांबून सलग डिझेल आलं की कसा. मग तसंच मोठ्या पंपाच्या स्क्रूवर. जुने तांब्याचे वॉशर परत लावू नका. चेपलेला वॉशर पुन्हा हवा घेतो. सीटखाली एक फिल्टर, चार वॉशर, दोन क्लिपा आणि हातभर पाइप ठेवा.