तारखा जुळवणारी मुलगी
(आपल्या मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात केलेलं भाषण, अंकासाठी थोडं नीटनेटकं करून.)



फराळाच्या आधी भाषण ठेवणाऱ्या कार्यकारिणीचे आभार! तुमचं लक्ष चकलीकडे आहे हे मला इथून दिसतंय, म्हणून थोडक्यात सांगतो.

आमची लेक इथेच स्टेट कॉलेजला कायदा शिकते. मागच्या वर्षी तिने स्थलांतरितांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या 'क्लिनिक'मध्ये नाव घातलं. प्राध्यापिका शोबा शिवप्रसाद वाधिया यांनी हे क्लिनिक २००८ साली पेन स्टेटमध्ये सुरू केलं. तिथे विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली खऱ्या माणसांच्या खऱ्या केसेसवर काम करतात. पुढे उन्हाळ्यातही तिने फिलाडेल्फियात असंच काम धरलं. मी बापाच्या जातीला शोभेल असा पहिला प्रश्न विचारला, "पगार किती?"

"नाही बाबा, पगार नाही."

शिक्षणाचं कर्ज डोक्यावर, आणि उन्हाळाभर फुकट काम! मी चिडलो, हे कबूल करतो. ती शांतपणे म्हणाली, "तू इथे आलास तेव्हा तुझे कागद कोणी केले?"

मी म्हटलं, आधी विद्यापीठाच्या ऑफिसने, मग कंपनीच्या वकिलाने.

"आणि ज्याच्यामागे विद्यापीठही नाही आणि कंपनीही नाही, त्याचे?"

मला उत्तर देता येईना. नंतर तिनेच समजावलं. फौजदारी खटल्यात गरीब आरोपीला सरकारने वकील द्यायचा, हे इथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली गिडियन खटल्यात ठरवलं. पण इमिग्रेशन कोर्टात तसं नाही. तिथे वकील करण्याचा हक्क आहे, पण सरकारच्या खर्चाने नाही. पैसे नसतील तर माणूस न्यायाधीशासमोर एकटाच उभा. आश्रय मागायचा तर साधारणपणे इथे पोचल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करायचा. हे त्याला सांगणार कोण?

केसमधलं ती घरी एक अक्षर बोलत नाही, बोलायचंही नसतं. पण एकदा जेवताना म्हणाली, "बाबा, लोकांना तारखाच आठवत नाहीत. आणि कागदावर तारीख चुकली की खोटं बोलतोय असं वाटतं."

मला एकदम माझी आत्या आठवली. तिच्या आयुष्याचं कॅलेंडर म्हणजे पानशेतचा पूर. "पुराच्या आदल्या वर्षी थोरला झाला, पुरानंतर दोन दिवाळ्यांनी घर बांधलं." पूर १९६१ चा हे माहीत असलं की आत्याचा एकेक शब्द खरा निघायचा. पण तिला कोणी कोर्टात उभं करून तारीख विचारली असती तर? आमच्या लेकीचं काम नेमकं हेच. समोरच्याचा पूर शोधायचा, त्यावरून साल लावायचं, आणि आपले शब्द त्याच्या तोंडी घालायचे नाहीत.

कोणी म्हणेल, विद्यार्थ्यांच्या अशा लिखापढीने काय होणार? आपल्याकडचंच उदाहरण देतो. आताच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंजला १९७२ साली मथुरा या आदिवासी मुलीवर पोलीस चौकीत अत्याचार झाला. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना निर्दोष सोडलं. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. निकाल ओळीनओळ वाचून कुठे चुकलं ते दाखवलं. ते वाचून ठिकठिकाणी बायका रस्त्यावर आल्या, आणि १९८३ साली कायदा बदलला. निकाल नीट वाचून लिहिलेलं पत्र, सुरुवात एवढीच!

आता मुद्द्याचं. आपली मुलं असं काही करतो म्हणाली की लगेच "अमक्याचा मुलगा न्यूयॉर्कला किती कमावतो" हे सुरू करू नका. मी केलंय, पस्तावलोय. फिलाडेल्फिया, पिट्सबर्गला आपली माणसं आहेत. बिनपगारी उन्हाळा काढणाऱ्या पोराला एक खोली द्या. मराठी-हिंदी दुभाष्या लागला तर दोन तास द्या. आणि स्वतःच्या किंवा शेजाऱ्याच्या कागदांत काही अडलं, तर लाजेपोटी गप्प बसू नका, वेळेत वकील गाठा.

आपले कागद कोणीतरी केले, म्हणून आज आपण इथे चकल्या खातोय. तेवढं लक्षात ठेवूया.

चला, फराळ वाट बघतोय. शुभ दीपावली!