डी१०१ म्हणजे नेमकी कुठली डिस्क?

नंबर पाडणं हे कारकुनी काम मानलं जातं. स्टोरेजच्या धंद्यात मात्र खरी अक्कल तिथेच लागते. उदाहरणाला डिस्क आणि सर्व्हर यांच्यामध्ये बसणारा एचएसजी८० हा कंट्रोलर घेऊ. हा डिजिटल इक्विपमेंटच्या स्टोरेजवर्क्स घराण्यातला. १९९८ साली कॉम्पॅकने डिजिटल विकत घेतली आणि पुढे तो कॉम्पॅकच्या घरी नांदला. आज तो जुना झाला, पण आतला हिशेब असा उघडा मांडणारं यंत्र शिकवायला फार सोयीचं पडतं.

याच्याखाली डिस्कचे सहा चॅनेल असतात. डिस्क१०३०० हे नाव वाचून बघा: १ हा चॅनेल, ०३ हे टार्गेट, शेवटची दोन शून्यं म्हणजे लन, अर्थात लॉजिकल युनिट नंबर. हा झाला नुसता पत्ता. वेगवेगळ्या चॅनेलवरच्या डिस्क घेऊन आपण रेडसेट, म्हणजे एखादी डिस्क गेली तरी माहिती टिकवणारा संच, बांधतो, त्याला आर१ म्हणतो आणि मग हुकूम सोडतो: ‘ॲड युनिट डी१०१ आर१’, म्हणजे आर१ ला डी१०१ हा युनिट नंबर द्या. उद्या त्यातली एखादी डिस्क गेली आणि राखीव डिस्क तिच्या जागी आली, तरी डी१०१ कायम. पोराचा बाक बदलला म्हणून हजेरीपटावरचा नंबर बदलतो का?

पण सर्व्हरला हा १०१ दिसतच नाही. त्याला दिसतो तो लन (डिस्कच्या पत्त्यातला नव्हे, युनिटचा), आणि तो वजाबाकीने निघतो: युनिटच्या नंबरातून त्या जोडणीला, म्हणजे सर्व्हर ते कंट्रोलर या दुव्याला, ठरवून दिलेला आकडा, म्हणजेच ऑफसेट, वजा करायचा. ट्रान्स्परंट फेलओव्हरमध्ये, म्हणजे एक कंट्रोलर पडला की जोडीदाराने सर्व्हरच्या नकळत काम उचलायच्या पद्धतीत, कंट्रोलरच्या पहिल्या पोर्टकडे युनिट नंबर ० ते ९९, दुसऱ्याकडे १०० ते १९९. दुसऱ्याचा ऑफसेट मुळातच १००, म्हणून डी१०१ तिथे लन १ होतो. मग डी१०० पासूनच सुरुवात का करू नये? कारण स्कझी-३ पद्धतीत लन ० कंट्रोलर स्वतःच्या संवादासाठी अडवून ठेवतो. त्या जागेवर बसवलेलं युनिट सर्व्हरला दिसत नाही.

त्या काळच्या काही ऑपरेटिंग सिस्टिम लन ७ च्या पुढे बघतच नसत. अशा सर्व्हरला डी१२१ दिला, की तो लन २१ होऊन गायब, आणि बिचारा इंजिनिअर केबल हलवत बसतो! ऑफसेट १२० केला की तोच लन १. म्हणून दर सर्व्हरला आधीच दहा-दहा नंबरांचा पट्टा आखून द्यावा. रिकामे नंबर बघून हळहळणाऱ्यांची मला मौज वाटते. नंबराला पैसे पडत नाहीत.

खरा धोका वेगळाच आहे. नवं युनिट जन्मतःच सगळ्या जोडण्यांना खुलं असतं. ऑफसेट १०० असलेला शेजारचा सर्व्हरही डी१२१ बघू शकतो. विंडोज एनटीला अनोळखी डिस्क दिसली, की तो तिच्यावर आपली सही करायला सरसावतो. विचारतो खरा, पण न वाचता ‘हो’ दाबणारे पुष्कळ. ती डिस्क युनिक्सची असेल तर पुढचं सांगायला नको. म्हणून युनिट घालतानाच त्याच ओळीत ‘डिसेबल ॲक्सेस पाथ’ सगळ्यांसाठी लावायचा, आणि मग ज्याचं त्याला, एकेका जोडणीचं नाव घेऊन, उघडून द्यायचं.