गाण्याचं शिक्षण आणि घरचा हिशोब

बारावीचा निकाल लागला, की आपल्या घराघरांत एकच विषय असतो. पुढं काय? आज आम्ही त्याबद्दलच बोलणार आहोत. पण डॉक्टर, इंजिनिअर, नर्सिंग, डीएड यांच्याबद्दल नाही. त्याबद्दल सांगणारे पुष्कळ आहेत. गाण्याच्या व्यवसायाचं शिक्षण घ्यायचं म्हणणाऱ्या मुलीबद्दल आम्हाला बोलायचं आहे.

आमच्या बचत गटातल्या एका बाईची मुलगी. बारावी कॉमर्स झालेली. लहानपणापासून भजनात टाळ धरून बसायची. हार्मोनियम शिकली, गांधर्वच्या दोन-तीन परीक्षा दिल्या. तिच्या मामाचं बँडपथक आहे. लग्नसराईत कुणाची सुपारी कुठल्या तारखेला, इसार किती आला, वादकांना किती द्यायचे, ही वही ती दहावीपासून सांभाळते. यंदा तिनं मोबाईलवर मुंबईच्या एका खासगी संस्थेची जाहिरात पाहिली. कोर्सचं नाव ‘म्युझिक बिझनेस’. एक वर्ष मुदत. फी सहा लाख.

तिची आई बैठकीला आली ती हातात ते छापील पत्रक घेऊनच. म्हणाली, “बायांनो, पोरगी दोन दिस झालं जेवंना. एक एकर इकावं म्हणते मी.”

बैठकीत सगळ्या गप्प झाल्या. किल्लारीत जमीन विकण्याची गोष्ट सहज बोलली जात नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे या बाईचं घर गेलं, घरातली माणसं गेली. जागेवर राहिली ती जमीन. त्या रानाच्या आधारानं ती पुन्हा उभी राहिली. आता त्यातलाच एक एकर विकायचा, आणि कशासाठी, तर गाण्यासाठी!

खरं सांगायचं तर आमच्यातल्या काही जणी लगेच म्हणाल्या, “गाण्यात कुठं पोट भरतं का? लग्नाचं बघा.” आज त्याची लाज वाटते. पोरीनं गाणं मागितलंच नव्हतं. तिला गाण्याचा धंदा शिकायचा होता. त्या दोन गोष्टींतला फरक आम्हालाच कळत नव्हता. मग ठरवलं, की महिनाभर थांबायचं, चौकशी करायची, आणि मग बोलायचं. त्या महिन्यात जे कळलं ते तुम्हाला सांगतो.

पहिलं, हा व्यवसाय आहे तरी काय? आपल्याला गाणं म्हटलं की गाणारा दिसतो. पण एका गाण्यामागं लिहिणारा असतो, चाल लावणारा असतो, वाजवणारे असतात. ध्वनिमुद्रण करणारा, गाणं बाजारात आणणारी कंपनी, कार्यक्रम ठरवणारा, तिकिटं विकणारा, करार लिहिणारा, सगळे असतात. गाणं कुठं वाजलं, त्याचे पैसे कुणाला किती मिळाले, हे बघणारंही माणूस लागतं. ही सगळी पगाराची किंवा कमिशनची कामं आहेत, आणि ती करायला गळा गोड लागत नाही. हिशोब लागतो, कायदा लागतो, माणसं सांभाळता यावी लागतात.

हे शिक्षण नसलं की काय होतं, हे आपल्या मोठ्या माणसांनीच भोगलं आहे. पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. राजाच्या पदरी न राहता लोकवर्गणीवर आणि कार्यक्रमांच्या पैशावर गाण्याची शाळा चालवून दाखवली. पण मुंबईत विद्यालयासाठी उभारलेली इमारत कर्जापायी हातची गेली. बालगंधर्वांच्या नाटक मंडळीला तर लोकांची तुडुंब गर्दी असायची, तरी मंडळी कर्जात बुडाली. कला कमी पडली नाही. वही कमी पडली.

लतादीदींचं उदाहरण आणखी जवळचं. गायकाला एकदाच पैसे देऊन मोकळं होऊ नये, गाणं विकलं जाईल तसा वाटा मिळावा, असा आग्रह त्यांनी १९६० च्या सुमारास धरला. त्यावरून मोहम्मद रफींशी त्यांचं बिनसलं आणि काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत. पुढं २०१२ साली कॉपीराइट कायद्यात बदल झाला. गाणं लिहिणाऱ्याचा आणि चाल देणाऱ्याचा रॉयल्टीचा हक्क पक्का झाला. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांनाही त्यांच्या रेकॉर्डिंगच्या व्यापारी वापरात वाटा मिळाला. लिहिणाऱ्यांचे आणि संगीतकारांचे पैसे गोळा करणारी आयपीआरएस ही संस्था १९६९ पासून आहे.

तुम्ही म्हणाल, हे मुंबईचं, आपल्याला काय त्याचं? आता ऐका. आपल्याकडं जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या म्हाताऱ्या अजून आहेत. तुळजापूरच्या आईची आराधी गाणी म्हणणाऱ्या बाया आहेत. कुणीतरी येतं, मोबाईलवर रेकॉर्ड करून नेतं आणि यूट्यूबवर टाकतं. त्याला लाखो लोक बघतात, जाहिरातीचे पैसे येतात. म्हातारीला काय मिळतं? फार तर एक साडी. ओवी सगळ्यांची आहे हे खरं. पण त्या दिवशी ती ज्या बाईनं म्हटली, त्या गाण्यावर कायद्यानं तिचा हक्क असतो, आणि तो पन्नास वर्षं टिकतो. हे आम्हाला कुणी सांगितलं? त्याच पोरीनं, चौकशी करता करता. तेव्हा बैठकीतल्या सगळ्यांचे डोळे उघडले. असं शिकलेली एक मुलगी गावात असावी, असं प्रत्येकीला वाटलं.

म्हणजे शिकायचं, हे नक्की झालं. आता कुठं आणि कसं?

आम्ही त्या संस्थेला फोन लावला. चार प्रश्न विचारले. तुमच्या घरात असा विषय निघाला तर तुम्हीही हेच विचारा. एक, कोर्सला कोणत्या विद्यापीठाची मान्यता आहे? दोन, हातात पदवी मिळणार, पदविका, की नुसतं प्रमाणपत्र? तीन, मागच्या वर्षीच्या मुलांपैकी किती जण कुठं कामाला आहेत, आणि त्यांच्यातल्या दोघांशी बोलणं करून देता का? चार, मध्येच सोडावं लागलं तर फी परत मिळते का?

पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर मिळालं, की प्रमाणपत्र मिळेल, आणि ते संस्थेचंच. तिसऱ्याला म्हणाले, “आधी पाच हजार भरून जागा धरा, मग सांगू.” शेवटी पोरीनंच मोबाईलवरून तिथं शिकलेले दोघं शोधले. एक जण कार्यक्रमाच्या कंपनीत बिनपगारी उमेदवारी करत होता. दुसरी म्हणाली, “शिकवतात चांगलं. पण मुंबईत वर्ष-दोन वर्ष स्वतःच्या पैशावर राहता येत असेल तरच या.” हे फार मोलाचं वाक्य होतं. पत्रकात ते नव्हतं.

मग बसलो हिशोबाला. फी सहा लाख. मुंबईत खोली, मेस, लोकलचा पास मिळून महिन्याला पंधरा हजार धरले, तर वर्षाचे एक लाख ऐंशी हजार. लॅपटॉप, हेडफोन आणि बाकीचं सामान सत्तर हजार. झाले साडेआठ लाख. आता हेच सोयाबीनमध्ये मोजा. एकरी सात क्विंटल आलं आणि २०२५-२६ चा ५३२८ रुपयांचा हमीभाव जरी मिळाला, तरी ३७ हजार होतात. बियाणं, खत, फवारणी, काढणी, मळणी जाऊन निम्मे उरले तर नशीब. म्हणजे नुसत्या सहा लाख फीला एका एकराची तेहतीस वर्षांची कमाई!

कर्जाचं बघितलं. बँकांच्या शैक्षणिक कर्जात चार लाखांपर्यंत साधारणपणे तारण लागत नाही आणि पदरचा हिस्साही भरावा लागत नाही. शिक्षण संपल्यावर एक वर्ष हप्ता सुरू होत नाही. पण व्याज चढतच असतं. सहा लाख कर्ज दहा टक्क्यांनी दहा वर्षांसाठी घेतलं, तर महिन्याला सुमारे ७९०० रुपये हप्ता येतो, आणि फेडून होईपर्यंत साडेनऊ लाख जातात. दोन लाखच घेतले तर हप्ता २६५० च्या आसपास. शिवाय बँक आधी विचारते, कोर्स मान्यताप्राप्त आहे का? नसला तर या योजनेतून कर्ज मिळणं अवघड. बायांनो, बँक नाही म्हणाली तर नुसतं रागावू नका. तो नकार कोर्सबद्दलही काहीतरी सांगत असतो.

आता दुसरी वाट. राज्य सरकारनं २०२४-२५ पासून मुलींसाठी मोठी सवलत आणली आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफी आहे. इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींसाठी ती आहे. अट अशी, की प्रवेश सरकारच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. खासगी विद्यापीठांना आणि मॅनेजमेंट कोट्याला ती लागू नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींसाठी शिष्यवृत्तीची वेगळी सोय आहे. अर्ज महाडीबीटीवर भरायचा. बीबीए, बीएमएस या व्यवस्थापनाच्या पदव्यांसाठीही आता सीईटी देऊन याच पद्धतीनं प्रवेश होतो. सीईटीचा अर्ज बारावीचं वर्ष चालू असतानाच भरावा लागतो. निकालाची वाट बघत बसलात तर तारीख निघून जाते. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर हे कागद आधीच काढून ठेवा.

आणि गाण्याचं? ते सोडायचं नाही. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून विशारदपर्यंत आणि पुढं अलंकारपर्यंत आहेत. पदवी घेता घेता त्या देता येतात. गाण्यातच पदवी हवी असेल, तर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, महर्षी कर्व्यांनी १९१६ साली मुलींसाठी काढलेल्या एसएनडीटी विद्यापीठात संगीत विभाग आहे, आणि आपल्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठातही कलांचं संकुल आहे. ज्यांनी गुरूकडं निदान पाच वर्षं शिक्षण घेतलं आहे अशा १८ ते २५ वयाच्या कलाकारांना केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाची शिष्यवृत्ती असते, दोन वर्षं महिन्याला पाच हजार रुपये. हक्कांचा कायदा शिकायचा तर पदवीनंतर घरी बसून इग्नूची बौद्धिक संपदा हक्कांची पदविका करता येते.

हे सगळं एका कागदावर मांडलं आणि पोरीपुढं ठेवलं. तिचं तोंड उतरलं. म्हणाली, “म्हणजे मुंबई नाहीच.” आम्ही म्हटलं, मुंबई आहे. पण आईचं रान विकून नाही, आणि हात रिकामा ठेवून नाही. तीन वर्षं लातूरला पदवी कर, एसटीला २०२३ पासून आपल्याला अर्धं तिकीट आहे. विशारद पूर्ण कर. मामाच्या पथकाची वही पक्की कर, लेखी करार करायला लाव. आपल्या रेडिओवर रेकॉर्डिंग शिक. मग पदवी घेऊन मुंबईला गेलीस, तर उमेदवारीतसुद्धा तुझी किंमत राहील.

ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी आली आणि म्हणाली, “सीईटीची तारीख तर यंदा गेली की.” खरंच गेली होती. हे आमच्याही लक्षात उशिरा आलं. मग असं ठरलं, की यंदा लातूरला बी.कॉम.ला नाव घालायचं आणि पुढच्या साली सीईटी द्यायची. लागलं तर बीबीए, नाही तर बी.कॉम. चालूच. गटानं तिला पहिल्या वर्षाची फी आणि पुस्तकं यांसाठी अंतर्गत कर्ज दिलं. जामीन आम्ही सगळ्या.

एकर शाबूत आहे. पोरगी नाराज नाही असं आम्ही म्हणणार नाही. तिच्या मोबाईलवर त्या संस्थेची जाहिरात अजून येते, आणि ती अजून बघते. बघू दे. पण मागच्या आठवड्यात तिनं एक काम केलं. आराधी गाणी रेकॉर्ड करायला बाहेरून दोघं आले होते. तिनं त्यांच्यापुढं एक कागद ठेवला. गाणारीचं नाव, गाणं कुठं वापरणार, पैसे आले तर तिचा वाटा किती. ते आधी हसले, मग सही करून गेले. ज्या आजीबाईंनी गाणं म्हटलं, त्यांनी तो कागद घडी घालून देवघरात ठेवला आहे.

मैत्रिणींनो, तुमच्या घरातली लेक असं काही वेगळं मागत असेल तर लगेच नाही म्हणू नका, आणि लगेच रानही विकू नका. एक महिना मागून घ्या. चार प्रश्न विचारा, शिकून गेलेल्या दोघांशी बोला, आणि सगळा खर्च एका कागदावर मांडा. तो कागद मांडताना लेकीला शेजारी बसवा. तिचं पहिलं शिक्षण तिथूनच सुरू होतं.

पुढच्या वेळी महाडीबीटीच्या अर्जात कुठं चुका होतात ते बोलू. तोवर नमस्कार.