लाल शाई



नवी मुंबईंतील एका शाळेंत मीं पुष्कळ वर्षें मराठी शिकविलें. घणसोली, कोपरखैरणें या बाजूच्या गांवठाणांतील आगरी मुलें वर्गांत बरींच असत. त्यांच्या वह्यांत 'गाडी'ची 'गारी' होई, 'पाणी'चें 'पानी' होई, आणि मी त्याखालीं लाल रेघ ओढीत असें. कोणी 'मना' म्हणालें कीं त्याच्याकडून सर्वांदेखत पांच वेळां 'मला' वदवून घेई. हें मला कर्तव्यच वाटे.

निवृत्तीनंतर वाचनास सवड मिळाली, तेव्हां ब्रिटनच्या जुन्या भाषांचा इतिहास हातीं आला. वेल्सची वेल्श, कॉर्नवॉलची कॉर्निश आणि फ्रान्सच्या किनाऱ्यावरील ब्रेतॉन या तिघी सख्ख्या बहिणी. इंग्रजांचे पूर्वज ब्रिटनमध्यें पाय रोवूं लागले त्या सुमारास, पांचव्या-सहाव्या शतकांत, तेथील कांहीं लोक समुद्र ओलांडून गेले. त्यांची बोली तीच ब्रेतॉन. एडवर्ड लॉइड नांवाच्या वेल्श पंडितानें हे मुलूख हिंडून शब्द जमविले व १७०७ सालीं ग्रंथ छापला. बापाला वेल्श आणि ब्रेतॉन भाषांत 'ताद', कॉर्निशमध्यें 'तास'. रानाला वेल्श 'कोइद', ब्रेतॉन 'कोआद', कॉर्निश 'कोस'. शेवटच्या द चा स होतो, आणि तो नियमानें होतो. अशा नियमांवरूनच भाषांचें नातें ठरतें.

हें वाचून मी थबकलों. आगरी मूल 'गाडी'ला 'गारी' म्हणतें, 'घोड्या'ला 'घोरा' म्हणतें; परंतु 'डोळ्या'ला 'रोला' म्हणत नाहीं, 'डोला'च म्हणतें. ड शब्दारंभीं असला तर टिकतो, दोन स्वरांमध्यें सांपडला कीं त्याचा र होतो. हा नियम त्या मुलाला कोणीं शिकविलेला नसतो. शिकविणारा जो मी, त्यालाच तो ठाऊक नव्हता! ग्रियर्सनसाहेबांच्या भाषा-पाहणीच्या सातव्या खंडांत, १९०५ सालींच, कुलाबा जिल्ह्यांतील आगरीची नोंद झाली होती. तो खंड मीं उघडला नव्हता, इतकेंच.

कॉर्निशचें पुढें काय झालें, तेंही सांगतों. ती बोलत वाढलेली अखेरची स्त्री म्हणून जिची प्रसिद्धि आहे, ती डॉली पेंट्रीथ १७७७ सालीं वारली. विसाव्या शतकांत ती भाषा पुन्हा उभी करण्याचा यत्न झाला, तो जुन्या लिखाणाच्या आधारावर. आणि वेल्समध्यें एकोणिसाव्या शतकांत कित्येक शाळांतून वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यांत लांकडी फळी अडकवीत. दिवसाअखेर ती ज्याच्या गळ्यांत असेल त्याला शिक्षा. मीं कोणाच्या गळ्यांत फळी अडकविली नाहीं. पण वर्गासमोर पांच वेळां 'मला' म्हणतांना त्या मुलाचे कान लाल होत, तें मला अजून दिसतें.

१९७० सालीं सिडको आली. भातशेतें गेलीं, मिठागरें गेलीं, आणि त्यांच्याबरोबर कित्येक शब्दांचें कामही संपलें. जे उरले ते टिपून घ्यावे म्हणून मीं एक वही केली आहे. गेल्या महिन्यांत माझा एक जुना विद्यार्थी भेटला. आतां तोही आजोबा झाला आहे. त्याला मीं विचारलें, "घरीं तुम्ही गाडीला काय म्हणतां रे?"

तो चटकन् उभा राहिला आणि म्हणाला, "गाडी, गुरुजी."

मीं पुन्हा विचारलें. तरी त्याच्या तोंडून दुसरा शब्द येईना.