हाली आणि कलदार



वाशीमहून दक्षिणेस निघालो की पैनगंगेपलीकडे हिंगोली लागते. १९४८ पर्यंत ती निजामाच्या राज्यात होती. तिकडे चारमिनारचे चित्र असलेला हाली रुपया चाले. इकडे, वऱ्हाडात, इंग्रजांचा कलदार. गंमत अशी की वऱ्हाडावरही नावाची मालकी निजामाचीच होती! १९०२ च्या करारात वऱ्हाडाचा वार्षिक खंड २५ लाख रुपये ठरला. तेवढे कलदार हालीत मोजले तर २९ लाखांवर जातात.

पुढे स्थिरावलेला सरकारी दर होता १०० कलदारांस ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. आकडा पाहून घाबरू नका. फोड केली की उरते ती एवढीच: ६ कलदार म्हणजे ७ हाली.

सरकारजवळ हिशेबाला कारकून होते. पण पलीकडे राबून ७ हाली गाठीस बांधणाऱ्या निरक्षर मजुराचे काय? इकडे त्याला ६ कलदार मिळायला हवेत. कोणी ५ च हातावर ठेवले, तर त्याच्या कमाईचा सहावा हिस्सा गेला आणि त्याला पत्ताही नाही.

१९५० नंतरच्या दशकात हाली चलनातून गेला. त्रैराशिक मात्र पाठ्यपुस्तकात आहे. आज घरी मुलामुलींना विचारा: ४२ हालींचे कलदार किती?