मायक्रोवेव्ह चालतो, पण तापवीत नाही

बटण दाबले; आतला दिवा लागला, काचेची थाळी फिरू लागली, पंख्याचा आवाज आला आणि दोन मिनिटांनी नेहमीप्रमाणे घंटीही वाजली. दार उघडून पेल्याला हात लावावा, तो दूध जसेच्या तसे थंड! यंत्र साफ बंद पडले तर मनाची तयारी लवकर होते. जिवंतपणाची सर्व लक्षणे दाखवून मुख्य कामच न करणारा मायक्रोवेव्ह मात्र घरच्यांना कोड्यात टाकतो, आणि मग कोणीतरी स्क्रू-ड्रायव्हर शोधू लागतो. तो हाती येण्यापूर्वी काय पाहावे आणि कोठे थांबावे, एवढाच येथे विषय आहे.

ह्या पेटीत एकाच छपराखाली दोन बिऱ्हाडे नांदतात. दिवा, थाळी आणि पंखा हे पहिले बिऱ्हाड. त्याचे घरच्या नेहमीच्या विजेवर भागते. दुसरे बिऱ्हाड मॅग्नेट्रॉनचे. अन्न तापविणाऱ्या सूक्ष्मलहरी तोच निर्माण करतो आणि त्याला सुमारे ४ हजार व्होल्टचा दाब लागतो. ह्या मॅग्नेट्रॉनचे मूळ घराणे स्वयंपाकाचे नव्हेच. रँडल आणि बूट ह्या शास्त्रज्ञांनी १९४० साली बर्मिंगहॅम येथे त्याला जे रूप दिले, ते रडारसाठी. अमेरिकेतील पर्सी स्पेन्सर १९४५ साली अशाच नळीजवळ उभे असता त्यांच्या खिशातील चॉकलेट विरघळले, अशी हकीकत सांगतात. त्यातून १९४७ साली निघालेले पहिले यंत्र जवळजवळ माणसाच्या उंचीचे आणि सुमारे ३४० किलो वजनाचे होते. ओट्यावर मावणारा मायक्रोवेव्ह लोकप्रिय झाला तो १९६७ नंतर. सांगावयाचे ते इतकेच की, पहिले बिऱ्हाड हसतखेळत असताना दुसऱ्यातील दिवा विझलेला असू शकतो.

तथापि प्रत्येक वेळी बिघाडच असतो असे नव्हे. घरातील मुलांनी बटणांशी खेळ केला आणि यंत्र बर्फ वितळविण्याच्या किंवा मंद आचेच्या खुणेवर राहिले, तर मॅग्नेट्रॉन मधूनमधूनच चालतो. ज्या यंत्रात भाजण्याचीही सोय असते, ते त्या खुणेवर ठेवल्यास आधी पेटी तापते आणि दुधाची पाळी फार उशिरा येते. म्हणून प्रथम पूर्ण शक्तीची खूण लावून पाहावी.

दुसरी तक्रार असते ती अर्धवट तापण्याची. आमटी कडेने उकळते आणि मध्ये गार राहते. हा पुष्कळदा यंत्राचा दोष नसून लहरींचा स्वभाव आहे. ह्या लहरींची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर. पेटीच्या भिंतींवर आपटून त्या परततात व एकमेकींत मिसळतात, तेव्हा काही ठिकाणी जोर येतो आणि काही ठिकाणी तो मावळतो. थाळी फिरते ती एवढ्याचसाठी. ती अडकली असेल तर आधी तिची चाके पुसावीत. बर्फ तर ह्या लहरी फारशा शोषून घेतच नाही. त्यामुळे फ्रीझरमधून काढलेला बांगडा एका टोकाला शिजतो आणि दुसऱ्या टोकाला दगड राहतो. अन्न मध्येच ढवळावे, थोडे थांबून पुन्हा तापवावे. वरवर गरम लागणाऱ्या शिळ्या अन्नाच्या गार गाभ्यात जंतू तसेच राहतात. लहान मुलांचे खाणे असेल तर हे विसरून चालणार नाही.

संशय फेडण्याचा खरा उपाय म्हणजे पाणी. काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात १ लिटर पाणी घेऊन त्याचे तापमान पाहावे. ताप मोजण्याची नळी येथे उपयोगी नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसा तापमापक हवा. तापमापक बाहेर ठेवून पाणी पूर्ण शक्तीवर बरोबर २ मिनिटे तापवावे, लगेच ढवळावे आणि पुन्हा मोजावे. जितके अंश सेल्सियस वाढले, त्यांस ३५ ने गुणले की यंत्राची शक्ती वॉटमध्ये येते. ८०० वॉटच्या यंत्रात सुमारे २३ अंशांची वाढ अपेक्षित आहे. भांडेही थोडी उष्णता घेते, म्हणून २० ते २२ आली तरी कुरकुर करू नये. मात्र पाटीवर दोन आकडे असतात, विजेच्या खर्चाचा मोठा आणि तापविण्याचा लहान. तुलना लहान आकड्याशी करावी.

वाढ निम्मीच आली, तर तोच प्रयोग पहाटे करून पाहावा. संध्याकाळी साऱ्या आळीत दिवे आणि पंप सुरू असताना विजेचा दाब उतरतो, आणि जुन्या पद्धतीचा जड ट्रान्सफॉर्मर असलेल्या यंत्राची शक्ती दाबापेक्षाही अधिक प्रमाणात उतरते. बारीक वायरची लांबलचक जोडणीही हेच करते. प्लग हाताला गरम लागत असेल तर ती जोडणी तत्काळ काढावी. पेटी भिंतीला चिकटून असेल, तर गरम हवा कोंडते आणि आतील रक्षक मॅग्नेट्रॉन बंद करतो. काही वेळाने तो पुन्हा चालतो. पेटीच्या आतल्या बाजूस अभ्रकाचा पातळ पत्रा असतो. त्यावर तेलाचे शिंतोडे जळाले की ठिणग्या उडतात. तो पुसावा, काळा पडला असल्यास बदलून घ्यावा, पण निरुपयोगी समजून काढून टाकू नये.

पाणी पहाटेही तापलेच नाही, तर दोष आत आहे: दाराची कळ, डायोड, कपॅसिटर किंवा स्वतः मॅग्नेट्रॉन. आवाज नेहमीपेक्षा जड आणि घोगरा येत असेल, तर संशय डायोड व कपॅसिटरवर अधिक. आणि येथेच घरच्या कारागिरीने थांबावयाचे. मिक्सर आणि इस्त्री खोलून नीट करणारे हात अनेक घरांत असतात. प्लग काढला की भय संपले, हा त्यांचा अनुभव खराही असतो. मायक्रोवेव्हच्या बाबतीत तो अनुभवच घात करतो. प्लग काढल्यानंतरही त्याचा कपॅसिटर प्राणघातक वीज साठवून ठेवू शकतो. हा साठा निचरून जावा म्हणून बहुधा आत सोय केलेली असते. परंतु बिघडलेल्या यंत्रात तीच सोय निकामी झालेली नाही, हे बाहेरून कोणी सांगावे? दार वाकलेले असेल, काचेमागील जाळी फाटली असेल किंवा दार उघडे असताना यंत्र चालू राहत असेल, तर ते तापवीत असले तरीही वापरू नये.

कारागिराला नुसते “गरम होत नाही” असे सांगण्याऐवजी पाण्याचे दोन्ही आकडे, आवाज कसा येतो आणि दिवसाच्या कोणत्या वेळी काय घडते, हे कागदावर लिहून द्यावे. मॅग्नेट्रॉन बदलण्याचा खर्च मोठा असतो. जुन्या यंत्रासाठी तो करण्यापूर्वी नव्याची किंमत विचारून घ्यावी. आणि दुरुस्ती केलीच, तर १ लिटर पाण्याचा प्रयोग पुन्हा करावा, तोही पैसे देण्यापूर्वी.