सही चालते आहे तोवर



आज मी पैशांचं बोलणार आहे. घरात आई, वडील, सासू, सासरे यांपैकी कुणाला स्मृतिभ्रंश, म्हणजे डॉक्टर ज्याला डिमेन्शिया म्हणतात तो आजार झाला, तर सरकारकडून काय मिळतं, ते कसं पदरात पाडून घ्यायचं आणि मिळालेलं बंद पडू नये म्हणून काय करायचं, एवढाच विषय. आजाराची माहिती देणारी भाषणं होतात, पैशांचा विषय मात्र सगळे टाळतात. आईबापांचा हिशेब मांडल्यासारखं वाटतं ना! पण ज्या माणसाला क्षणभर एकटं सोडता येत नाही, त्याच्यापाशी घरातला एक कमावता हात अडकून पडतो. सोयाबीनच्या काढणीत एक हात कमी झाला तर काय होतं, हे औसा-निलंग्याकडच्या किंवा कंधार-लोह्याकडच्या घरांना मी सांगायला नको.

मी बरीच वर्षं एका सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक होते. कागदांच्या फाइली घेऊन फिरणारे नातेवाईक हेच माझं काम. त्यातले बहुतेक जण उशिरा आलेले असायचे. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून दोन-चार वर्षं घरातच काढलेली असायची. देशभरातल्या पाहणीवरून २०२३ साली प्रसिद्ध झालेला अंदाज असा, की साठीपुढच्या शंभर माणसांत सातांहून जास्त जणांना हा आजार आहे, म्हणजे देशात सुमारे ८८ लाख. त्यामुळे म्हातारपण म्हणून सोडून देऊ नका. थायरॉइड, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य यांनीही माणूस विसरायला लागतो आणि ते उपचारांनी सुधारतं. आधी तपासणी करून घ्या. नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. राज्याची चार जुनी मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला; त्यांतलं एकही मराठवाड्यात नाही. किनवटच्या माणसाला विष्णुपुरी गाठायची तर शंभरावर किलोमीटर जावं लागतं. पंचाहत्तरी उलटलेल्यांना एसटी फुकट आहे, ही त्यातल्या त्यात सोय. सोबत येणाऱ्या मुलाचा रोज बुडतो, तो कुणी भरून देत नाही.

आता मुद्द्याचं. स्मृतिभ्रंशासाठी म्हणून वेगळं मासिक अनुदान आपल्याकडे नाही. जे मिळतं ते माणूस गरीब आहे, म्हातारा आहे किंवा दिव्यांग आहे म्हणून मिळतं. गंमत पाहा, प्राप्तिकराच्या नियमांत डिमेन्शियाचं नाव स्वच्छ लिहिलेलं आहे. म्हणजे कर भरणाऱ्या मुलाला सवलत देताना सरकारला हा आजार नावाने ओळखता येतो. दिव्यांग हक्कांच्या २०१६च्या कायद्यात मात्र दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि त्यांत याचं नाव नाही. म्हणून कुणी खिडकीवर ‘हे यादीत बसत नाही’ असं सांगितलं तर परत फिरू नका. त्याच कायद्यात मानसिक आजाराची व्याख्या करताना विचार आणि भावनांच्या जोडीने दिशा-काळाचं भान आणि स्मरणशक्ती बिघडणं धरलेलं आहे. दार तिथे आहे. मानसोपचारतज्ज्ञ तपासतात, टक्केवारी काढतात आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त भरली की दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड मिळू शकतं. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन करायचा असतो. सेतू किंवा आपले सरकार केंद्रात तो भरून देतात.

ही टक्केवारी कशी काढतात ते नीट ऐका, कारण खरी गफलत इथे होते. रक्ताच्या तपासणीवर ती ठरत नाही. माणूस स्वतःचं स्वतः किती करतो, माणसांशी कसा वागतो, बोललेलं समजतं का, कामधाम जमतं का, हे डॉक्टर विचारतात आणि त्यावर गुण देतात. आणि आपली माणसं तिथे लाजतात. मुलगा म्हणतो, ‘तसं बरं आहे साहेब, जरा विसरती.’ रात्री दोनला कडी काढून ती वेशीपर्यंत गेली होती, हे सांगत नाही. लुगड्यात लघवी होते, हे तर सुनेनेही सांगायचं नाही आणि मुलानेही नाही. त्यात नवा माणूस समोर आला की म्हातारी सावरून बसते, पदर नीट घेते, ‘चहा घेणार का?’ असं डॉक्टरलाच विचारते. झालं, टक्केवारी घसरली! म्हणून जी व्यक्ती दिवसरात्र सांभाळते तिलाच सोबत न्या. ती बहुधा सून असते आणि बहुधा तिलाच घरी ठेवून पुरुषमाणसं येतात. महिनाभर काय काय घडलं ते एका वहीत तारखेनिशी लिहून ठेवा. गॅस कितीदा चालू राहिला, कितीदा हुडकायला जावं लागलं, न्हाऊ कोण घालतं, घास कोण भरवतं. हा आजार वाढत जाणारा आहे, तेव्हा प्रमाणपत्र कायमस्वरूपी द्यावं, अशी विनंतीही तिथेच करा.

या कार्डाचा पैशांत उपयोग काय? पासष्टीपर्यंत संजय गांधी निराधार अनुदान, पुढे श्रावणबाळ योजना. दोन्हींत महिना १,५०० रुपये. पण या योजनांतल्या दिव्यांग लाभार्थ्यांना ऑक्टोबर २०२५पासून २,५०० रुपये केले आहेत. म्हणजे तुमच्या आईला श्रावणबाळचे १,५०० आधीपासून मिळत असतील आणि तिचं दिव्यांग प्रमाणपत्र झालं, तर तहसीलमध्ये तशी नोंद करून घेण्यात महिन्याला हजाराचा फरक आहे. ही गोष्ट गावात फारशी कुणाला ठाऊक नसते.

उत्पन्नाची अट मात्र ऐकवत नाही. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत, दिव्यांगांसाठी ५० हजारांच्या आत. २१ हजार म्हणजे अख्ख्या घराला दिवसाचे ५८ रुपयेसुद्धा नाहीत. रोजगार हमीची २०२५-२६ची एका दिवसाची मजुरीच ३१२ रुपये होती. ज्या सरकारचा मजुरीचा दर ३१२, त्याच सरकारने ५८ रुपयांत घर चालतं असं धरून चालावं, हे मला कधीच पटलेलं नाही. या अटीपायी कितीतरी खऱ्या गरजू घरांना दाखलाच मिळत नाही.

सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मानचं वय वंदना कार्ड मिळतं. ऑक्टोबर २०२४मध्ये ते सुरू झालं, त्यात वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार होतात. खुबा मोडला, न्यूमोनिया झाला तर ते कामाला येतं. पण ते दवाखान्यात दाखल झालेल्या माणसासाठी आहे. घरी लागणारे डायपर, रोजच्या गोळ्या, सांभाळणारी बाई, यांतलं काही त्यात नाही. त्यासाठी ग्रामपंचायतीकडे जा. ग्रामपंचायत असो की नांदेड-वाघाळा किंवा लातूर महापालिका, स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करणं त्यांना बंधनकारक आहे. ग्रामसभेत उभं राहून विचारा, मागच्या वर्षी ते कशावर गेले.

आणि आता मिळालेलं टिकवण्याचं. मिळवण्यापेक्षा हे अवघड आहे. वर्षातून एकदा लाभार्थी हयात असल्याचं दाखवावं लागतं. आता चेहरा दाखवून पडताळणीही होते, त्यात मोबाइलसमोर डोळे मिटून उघडायचे असतात. एका केंद्रावर मी समोर बसले होते. सून सारखी म्हणत होती, ‘आत्याबाई, डोळे मिचकावा.’ म्हातारी तिच्याकडे बघून म्हणाली, ‘आता ह्या वयात कुणाला डोळा मारू माय?’ सगळे हसले, तीही हसली. पडताळणी मात्र झाली नाही. अंगठा घ्यावा तर जन्मभर खुरपं धरलेल्या हाताच्या रेषा पुसून गेलेल्या. अशा वेळी अनुदान गपकन थांबतं आणि ते थांबलंय हे दोन-तीन महिन्यांनी कळतं. म्हणून पासबुक दर महिन्याला भरून घ्या. पडताळणी अडली तर तहसीलदारांच्या नावे लेखी अर्ज द्या, डॉक्टरांचा दाखला जोडा, घरी येऊन खात्री करावी असं लिहा आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका. बँकेतही आजारी, अंथरुणाला खिळलेल्या खातेदाराला दोन साक्षीदारांसमोर अंगठा उठवून पैसे काढता येतात, रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे. साक्षीदारांतला एक बँकेचा जबाबदार माणूस लागतो.

यातली निम्मी अडचण आधी टाळता येते. आजाराचं निदान झालं आणि माणसाला अजून समजतंय, सही चालते आहे, तोवर खाती संयुक्त करा, आधार-बँक-रेशन कार्डावरचं नाव एकसारखं करून घ्या, मोबाइल नंबर जोडा, वारस लावा. ‘पुढं मुखत्यारपत्र करू’ असं म्हणून थांबू नका. देणाऱ्याचं भान गेलं की मुखत्यारपत्र संपतं. भारतीय करार कायद्याच्या २०१व्या कलमाचा अर्थ तोच. मग पालक नेमून घ्यायला कोर्टाची पायरी चढावी लागते आणि तो खर्च आपल्या माणसांना झेपत नाही.

सरकारकडे मागायचंच तर काय मागावं? केरळात आश्वासकिरणम् योजनेत अंथरुणाला खिळलेल्यांना सांभाळणाऱ्याच्या हाती महिन्याला ६०० रुपये दिले जातात. रक्कम तोकडी, पण सांभाळणंही काम आहे, हे त्या सरकारने मानलं. गोव्यात दोन तालुक्यांतल्या ८१ कुटुंबांबरोबर एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २००८ साली आले. साध्या प्रशिक्षित कार्यकर्त्या घरी जाऊन सांभाळणाऱ्यांना मार्गदर्शन करत होत्या. सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण त्याने कमी झाला. आपल्या गावोगावी आशाताई आहेत. त्यांना हे शिकवा, त्याचे वेगळे पैसे द्या आणि स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाची हयातीची खात्री त्यांच्याकडूनच घ्या. सुनेच्या नावाने भत्ता सुरू करा. आज दिव्यांग म्हणून रुग्णाला मिळणारे महिना अडीच हजार म्हणजे रोजगार हमीची आठ दिवसांची मजुरी होते. महिन्याचे उरलेले बावीस दिवस ती बाई बिनपैशांनी राबते आहे.

श्रोतेहो, मनाच्या आजाराबद्दल बोलायचं असेल तर टेली-मानसचा नंबर १४४१६, ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७. दोन्ही फुकट आहेत. नंबर भिंतीवर लिहून ठेवा आणि घरात कुणी विसरायला लागलं असेल तर या आठवड्यातच दवाखाना गाठा.